राखीव घोडे

मुंबईच्या उपनगरातल्या माणसाला कुठलीही वस्तू बनवणाऱ्याने दिली तशी ठेवणं जमत नाही. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की आधी बाल्कनी आत घ्यायची, मग बाथरूमच्या लाद्या उखडून स्वतःच्या आवडीच्या लावायच्या, आणि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या मजल्यावर गळती लागली की बिल्डरला फोन करायचा. रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची पाच वर्षं जबाबदारी त्याच्यावर आहेच. बिल्डरचा माणूस येतो, लाद्या बघतो आणि म्हणतो, "ह्या आम्ही नाही लावल्या." इंजिन ट्यून करून घेऊन वॉरंटी मागणारा तरुण मला याच कुळातला वाटतो.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर असा एक आहे. गाडी एक लिटरची, टर्बो पेट्रोल. कंपनीने दिलेले शंभरावर घोडे त्याला अपुरे वाटतात. "काका, ताकद आहे हो इंजिनात, कंपनीनेच दाबून ठेवलीय," हे तो इतक्या कळवळ्याने सांगतो की बॉनेटखाली कुणाला तरी डांबून ठेवलंय असं वाटावं. रिमॅप केला की वीसेक घोडे वाढतात म्हणे. हे घोडे तो नेणार कुठे? रोज सकाळी तो मुलुंडहून अंधेरीला जातो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर सगळे घोडे एकाच चालीने चालतात, आणि साकीनाक्याला तर पायी चालणारा त्यांच्या पुढे जातो. पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर मोटारींना 100 ची मर्यादा आहे. ती तर गाडी आहे तशीही सहज गाठते. "स्पीडचा प्रश्न नाही काका, पिकअपचा आहे." पिकअप म्हटल्यावर माझ्या पिढीने गप्प बसायचं असतं.

माझी पिढी फियाटची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथेच, कुर्ल्याला. पद्मिनी तिथेच तयार होत असे. मेकॅनिक इंजिनाला कान लावून कार्बुरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, प्लग घासायचा, पॉइंटमधलं अंतर बघायचा, आणि खोकणारी गाडी शांत व्हायची. त्याची सगळी कारागिरी गाडीला कारखान्यातून निघाली त्या अवस्थेच्या जवळपास नेण्यात खर्च होई. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. असे कानही आता फारसे उरले नसावेत.

आजच्या ट्यूनरचे हात काळे होत नाहीत. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडायचा आणि ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला, प्रोग्रॅम बदलायचा: टर्बोने हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची. स्क्रू पाव फेरा उलटा फिरवला तर कुणाला कळत नसे. ईसीयू मात्र चोख हिशेब ठेवतो. प्रोग्रॅम कितीदा लिहिला गेला याची नोंद अनेक गाड्यांत राहते, आणि मूळ प्रोग्रॅम परत टाकला तरी ती पुसली जाईलच असं नाही. फोक्सवॅगन समूहात तर अशा गाडीच्या नावावर 'टीडी1' असा शेरा पडतो. पुढे ती कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली, तरी शेरा तिच्या आधी तिथे पोचलेला असतो.

म्हणून सगळी वॉरंटी बुडाली असं मात्र नाही. टर्बो, क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन यांच्यावरून कंपनी हात काढून घेणार हे उघड आहे. पण काच वरखाली करणारी मोटर जळली, तर तिचा रिमॅपशी काय संबंध? अमेरिकेत 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा नेमका हाच प्रश्न कंपनीला विचारतो. आपल्याकडे हा वाद ग्राहक आयोगात न्यावा लागतो; उपनगरवाल्यांसाठी तो वांद्रे पूर्वेला. तिथवर जायलासुद्धा घोड्यांपेक्षा लोकलच बरी.

गंमत म्हणजे याच मुलाच्या वडिलांनी आधीच्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं. मान्यताप्राप्त किट, आरटीओत जाऊन आरसी बुकावर रीतसर नोंद, सगळं कायदेशीर. तरी सर्व्हिस सेंटरने इंजिनाच्या वॉरंटीवर काट मारलीच. आरटीओची संमती वेगळी आणि कंपनीची वेगळी. बापाने पैसे वाचवायला इंजिन बदललं, लेक पैसे उडवायला बदलतोय. त्यामुळे घरात त्याला रागावायला कुणी उरलेलं नाही.

पण ती 'दाबून ठेवलेली ताकद' काही माझ्या डोक्यातून जाईना. इंजिन बनवणाऱ्याला मालक कोण निघेल हे ठाऊक नसतं. कुणी नागपूरच्या मे महिन्यात एसी लावून तासन्‌तास चालवेल, कुणी पाच माणसं आणि बोचकी भरून आंबेनळी घाट चढेल, कुणी ऑइल बदलायचं विसरेल, कुणी कुठल्याही पंपावर कसलंही पेट्रोल भरेल. या सगळ्यांना पुरावी म्हणून तो थोडी ताकद राखून ठेवतो. वॉरंटीचा कागद त्या राखीव ताकदीच्या भरवशावर छापलेला असतो. ती काढून घेतली की कागदाखालचा आधारच जातो. मग वॉरंटी कंपनीने नाकारली असं तरी कसं म्हणायचं? ती तर आपणच सिग्नल सुटताना शेजारच्या गाडीला मागे टाकण्यात वापरून टाकली. वापरावी की, गाडी आपली, ताकदही आपली. फक्त वापरलेली वस्तू पुन्हा काउंटरवर मागू नये.

हे सगळं मी त्या मुलाला लिफ्टची वाट पाहताना समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण काका, ती राखीव ताकद लागते कधी?"

"सात-आठ वर्षांनी," मी म्हणालो.

"मग प्रश्नच मिटला. तोवर गाडी विकलेली असेल."

तेव्हापासून बोरिवली-घाटकोपरकडच्या कुणा अनोळखी सद्‌गृहस्थाची मला काळजी लागून राहिली आहे. जुनी गाडी शोधताना तो एक जाहिरात वाचेल: सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंट, फक्त ऑफिसला जाण्यायेण्यासाठी वापरलेली. त्यातला एकही शब्द खोटा नसेल.