दोन दिवस न थांबणारे पाणी

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या, म्हणजे आपत्तीनंतरच्या तातडीच्या मदतीसाठी राखलेल्या निधीच्या निकषांनुसार, घर वाहून गेले किंवा पूर्ण पडले नसेल तर कपडे आणि भांड्यांची मदत मिळण्यासाठी ते दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असावे लागते. पेणची भोगावती आणि रोह्याची कुंडलिका यांना मात्र हा नियम कोणी कळवलेला दिसत नाही. सह्याद्रीतून खाडीकडे धावणाऱ्या या आखूड नद्या मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की चढतात आणि ओहोटी लागताच बहुधा उतरूनही जातात, पंचनाम्याची, म्हणजे नुकसानीच्या सरकारी नोंदीची, वाट पाहण्याइतकेही सौजन्य त्या दाखवत नाहीत. तेवढ्या काही तासांत सखल वस्तीतला तांदूळ भिजतो, गोधड्या चिखलाने जड होतात, आणि पेणच्या एखाद्या मूर्तिकाराच्या घरी शाडूचे कच्चे गणपती पुन्हा माती होतात. पण बेशिस्त पाण्याने केलेले हे नुकसान निकषात बसत नाही. अधूनमधून शासन ही अट शिथिल करते, हे खरे, पण त्यासाठी आधी पूर पुरेसा मोठा आणि शक्यतो बातमीयोग्य असावा लागतो. पुरापासून वाचेल असे नवे घर बांधायचे म्हटले, तर प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील ग्रामीण घरकुलाला केंद्रीय निकषाने 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, त्यात 25 चौरस मीटरचे घर उभे राहावे अशी अपेक्षा असते, आणि घराचे जोते पुराच्या पातळीच्या वर नेणाऱ्या भरावाचा खर्च बहुधा लाभार्थ्यालाच सोसावा लागतो.