संभ्रममुक्त तालुका

महाराष्ट्रातल्या गावांना मुक्त व्हायची फार जुनी हौस आहे. कधी टँकरमुक्त, कधी हागणदारीमुक्त. 2007 मध्ये तंटामुक्तीची मोहीम आली आणि बांधावरची भांडणं मिटू लागली, निदान ग्रामपंचायतीच्या फलकावर तरी. डिसेंबर 2016 मध्ये आमच्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव ठरलं आणि कार्ड घासायचं यंत्र बघायला पत्रकारांच्या गाड्या आल्या. हा लौकिक पाहता शेजारचा शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके आता ‘संभ्रममुक्त’ जाहीर करून टाकावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. इथल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या एकाही मुलामुलीला काय शिकायचं, कशासाठी शिकायचं आणि विषय राहून केटी लागली तर कुणाचे पाय धरायचे, याबद्दल आता कसलीही शंका उरलेली नाही. पुरावा हवा असेल तर फाइल तयार आहे.

ही फाइल समजून घेण्यासारखी आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येते, तेव्हा एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे गुणोत्तर विचारलं जातं. गुणोत्तर म्हणजे भागाकार, आणि भागाकार करायला विद्यार्थी समोर लागत नाही. एकूण पोरं भागिले एकूण मास्तर, उत्तर आलं की मार्गदर्शन झालं. मग प्रत्येक मास्तराच्या नावाने एक वही निघते. वहीत तीन रकाने असतात. समस्या : नियमित अभ्यासाचा अभाव. उपाय : नियमित अभ्यास करण्यास सांगितले. परिणाम : समाधानकारक. पुढच्या पानावर दुसरी मुलगी, तीच समस्या, तोच उपाय, पण शाई हिरवी. समिती येण्याच्या आदल्या रात्री तीन रंगांची पेनं संपतात, ही माहिती मला पेनं विकणाऱ्याकडून मिळाली आहे.

शिवाय फोटो लागतो, आणि तोही जिओ-टॅगवाला. आंब्याच्या झाडाखाली सर हात वर करून काहीतरी सांगताहेत, समोर पाच मुली माना डोलावताहेत आणि खाली अक्षांश-रेखांश छापून आलेत. ते इतके अचूक असतात की त्यावरून कुणालाही ते झाड सापडेल. त्या पाच मुली पुढच्या सत्रात कुठे सापडतील, हे सांगणारं उपकरण अजून निघालेलं नाही.

आता कुणी म्हणेल, मुलांना एवढं विचारायचं तरी काय असतं? तर 2024-25 पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. डोळखांबकडून एसटीने आलेली मुलगी, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलंच माणूस, तिच्या पुढ्यात कागद येतो : मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल, स्किल, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली. सत्राला 22 क्रेडिट, वर्षाला 44. निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य. फक्त शिकवायला माणूस असेल तेवढेच विषय निवडता येतात, म्हणजे साधारण सगळ्यांनी मिळून एकच. अमेरिकेतल्या विद्यापीठांत विषय निवडायला मदत करण्यासाठी पगारी सल्लागारांचं स्वतंत्र कार्यालय असतं म्हणे. आपल्याकडे ते फाटकाबाहेर असतं.

झेरॉक्सचं दुकान. तिथला दादा स्वतः किती शिकलाय हे त्याला कुणी विचारत नाही, कारण ऑक्टोबरच्या पेपरात कुठलं युनिट येणार हे त्याला पाठ असतं. ‘ताई, पाचही युनिट नको करूस, हे दोन घे आणि टिपा घे.’ एका वाक्यात निदान, उपचार आणि पंधरा रुपयांचं प्रिस्क्रिप्शन. एटीकेटीचा फॉर्म कधी बंद होतो, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून किती दिवसांत सुटतो, जात पडताळणीच्या पावतीवर शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकतो की परत येतो, सगळं तोंडपाठ. क्रेडिट बँकेचं, म्हणजे मिळालेले क्रेडिट साठवायचं ऑनलाइन खातंही तोच काढून देतो. ते काढताना आधारवर वडिलांचं नाव एक, बारावीच्या मार्कलिस्टवर दुसरं, आणि ओटीपी जातो चुलत्याच्या मोबाइलवर. चुलता गेलाय वासिंदला कामावर. मग दादा चुलत्याला फोन लावतो, त्याला इंग्रजी आकडे एकेक करून वाचायला लावतो आणि शेवटचा आकडा येईपर्यंत मुदत संपते. पुन्हा ओटीपी. ही खरी शिकवणी. हिचा फोटो काढायला कुणी येत नाही आणि दादाकडे वहीही नाही.

क्रेडिट बँक ही मात्र आमच्या तालुक्यांना पटकन कळलेली गोष्ट. भातसा, तानसा, मोडकसागर, एवढं पाणी शहापुरात अडतं, मुंबईचे नळ त्यावर चालतात, आणि एप्रिल आला की इथल्याच पाड्यांवर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. तेव्हा क्रेडिट कुठेतरी साठताहेत, आपल्याला दिसत नाहीत, पण साठताहेत, यावर विश्वास ठेवायला इथे कुणाला जड गेलं नाही.

धोरणाची खरी करामत म्हणजे बाहेर पडायचे दरवाजे. एका वर्षाने गेलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तिसऱ्याला पदवी. तीन वर्षांच्या आत परत या, सात वर्षांत संपवा. वाचायला फार माणुसकीचं वाटतं. अडचण एवढीच की हे दरवाजे उन्हाळ्यात उघडतात, आणि कातकरी वाडीतल्या घरांना वीटभट्टीचा मुकादम दिवाळी झाली की न्यायला येतो. तो उचल आधीच देऊन बसलेला असतो, वर्ष संपायची वाट बघत नाही. पहिल्या सत्राचे 22 क्रेडिट घेऊन गेलेल्या पोराला कुठलंच प्रमाणपत्र नाही, कारण तो योग्य दाराने बाहेर पडला नाही. वहीत त्याच्यापुढे लिहिलेलं असतं : अनियमित उपस्थिती, समुपदेशन केले, समाधानकारक.

मास्तरांना दोष द्यायला मी बसलेलो नाही. वर्गात दिसणाऱ्यांतले निम्मे तरी तासिका तत्त्वावरचे असतात. पैसे तासाचे, तेही बिल मंजूर झालं की. कल्याणहून एसटीने यायचं (मुरबाडच्या रेल्वेच्या घोषणा आम्ही आजोबांपासून ऐकतोय), तास घ्यायचे आणि परत फिरायचं. स्टँडवर पोरांनी गाठून तासभर डोकं खाल्लं, तर तो तास कुठल्याच बिलात बसत नाही. तरी ते बोलतात. दोन तालुक्यांत जे काही खरं मार्गदर्शन होतं, त्यातलं बरंचसं एसटी उशिरा आल्यामुळे होतं, आणि याबद्दल महामंडळाचं नाव नॅकच्या अहवालात यायला हवं.

परवाच मुरबाड स्टँडवर माझ्या शेजारच्या बाकड्यावर असं एक सत्र चाललं होतं. मुलीने विचारलं, ‘सर, मेजर मराठी ठेवू की इतिहास?’

‘पुढे काय करायचंय तुला?’

‘तलाठी.’

2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. सरांना तो आकडा माहीत असणार, कारण ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘अगं, त्याला कुठलीही पदवी चालते. मेजर कुणी विचारत नाही.’

‘मग हे सगळं मायनर, ओपन इलेक्टिव्ह…?’

‘ते भरून टाक.’

‘आणि पोलीस भरतीला?’

‘त्याला बारावी पुरते. पण मैदानी निघावी लागते. पळतेस का?’

‘पळते की. रोज पहाटे, रस्त्यावर.’

‘सोडू नकोस ते.’

टोकावड्याची गाडी लागली. मुलगी दप्तर उचलून निघाली आणि पायरीवरून वळून म्हणाली, ‘सर, तलाठीची जाहिरात आली की सांगाल ना?’

‘सांगतो की,’ सर म्हणाले. ‘मलाही भरायचाय फॉर्म. दादाकडे एकदमच जाऊ.’