कोण नको म्हणालं

जानेवारीत नवं कॅलेंडर घरात आलं की माणसं राशिभविष्य बघतात, एकादश्या बघतात, लग्नाचे मुहूर्त बघतात. आमचे तात्या लाल आकडे बघतात. कोणता लाल आकडा शनिवार-रविवारला जाऊन चिकटतो, एवढंच त्यांना हवं असतं. यंदा, म्हणजे २०२५ साली, २६ जानेवारी रविवारी आली, तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला होता की मी चपला काढायच्या आधीच विचारलं, "कुणी गेलं का, तात्या?"

"गेली ना," ते म्हणाले. "अख्खी सुट्टी गेली."

दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी येणार, तेही गुरुवारी, हे कळलं त्या दिवशी ते रात्री जेवले नाहीत, असं काकू सांगतात. काकूंचं थोडं वाढवून सांगणं असतं, पण फार नाही.

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. सावेडीत आमच्या समोरच्या घरात राहतात. लांब पल्ल्याच्या सहलींचं त्यांना वावडं आहे. काशी-रामेश्वर, केरळ, दुबई ही त्यांच्या मते "पैसे भरून करायची कामं" आहेत. आपल्याच जिल्ह्यात सकाळी निघायचं, काहीतरी जुनं बघायचं, दोन-चार मैल चालायचं, झाडाखाली डबा खायचा आणि दिवेलागणीला घरी, एवढंच त्यांचं मागणं. यासाठी त्यांनी एक वही केली आहे. लाल कापडी पाठीची, दोनशे पानी. पहिल्या पानावर 'अहमदनगर जिल्हा' लिहिलेलं होतं. २०२४ साली सरकारनं नाव बदललं तेव्हा त्यांनी त्यावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली आणि खाली 'अहिल्यानगर' लिहून बारीक सही केली. खात्यात खाडाखोडीला सही लागते. बोलताना मात्र ते नगरच म्हणतात, आणि आम्हीही.

वहीत चौदा तालुक्यांचे चौदा भाग आहेत. प्रत्येक स्थळाला एक पान. पानावर रकाने: अंतर, एसटी, चालणे, सावली, पिण्याचे पाणी, 'सोय' (म्हणजे काय ते बायकांना विचारावं), आणि सर्वांत शेवटी, सगळ्यात रुंद रकाना: 'कोण नको म्हणालं'.

हा शेवटचा रकाना म्हणजे तात्यांच्या संसाराचा इतिहास आहे. भुईकोट किल्ल्याच्या पानावर: 'नातू. शाळेतून झालाय.' सिद्धटेकच्या पानावर: 'मेहुणे. रांग.' नेवाशाच्या पानावर: 'सूनबाई. सारखं देवदेव नको.' त्याखाली तात्यांची तिरकी टीप: 'पैस खांब म्हणजे देवदेव नव्हे. इथे ज्ञानेश्वरी झाली. १२९०.' रेहेकुरीच्या अभयारण्याच्या पानावर: 'सर्व. काळवीट पहाटे दिसतात म्हणून.' टँक म्युझियमच्या पानावर एकटं 'मी' आहे, कारण ते त्यांच्या घरापासून रिक्षानं जायच्या अंतरावर आहे आणि एवढ्या जवळच्या गोष्टीला सहल म्हणायला त्यांचं मन धजत नाही.

किल्ल्याचा विषय निघाला की तात्या चिडतात. तिथं गेलं की दोन तासांत "आता काय?" असं विचारणाऱ्या नातवाला त्यांनी एकदा खंदकाच्या काठावरच ऐकवलं होतं: "अरे, १९४२ साली नेहरू, पटेल, मौलाना आझाद, असे बारा जण इथं आणून कोंडले. अडीच वर्षांच्या वर. नेहरूंनी एवढं जाड पुस्तक लिहून काढलं इथं बसून. तुला दोन तास निघत नाहीत?"

"त्यांना मोबाइल दिला होता का?" नातू म्हणाला. तात्यांनी तो प्रश्न वहीत नोंदवलेला नाही.

आता जिल्हाही असा की निवडताना माणसाचा जीव मेटाकुटीला यावा. सतरा हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्रात क्षेत्रफळानं पहिला. एका टोकाला अकोल्याचा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला जामखेड-कर्जतचं ऊन. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, कळसूबाई, १६४६ मीटर, आमचं. पण नगरमधून पुणं एकशेवीस किलोमीटर, आणि कळसूबाईच्या पायथ्याची बारी त्याहून लांब. म्हणजे आमच्या शिखरावर नाशिक-मुंबईची पोरं दर रविवारी जाऊन येतात आणि आम्ही इथं त्याच्या उंचीचा अभिमान बाळगतो. हरिश्चंद्रगडाचं पान तात्यांनी तीनदा लिहिलंय. तिथल्या केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात पिंड आहे, भोवती चार खांब होते, आता एकच धड उभा आहे. तो पडला की जगबुडी, असं लोक म्हणतात. तात्यांचा देवावर बेताचाच विश्वास आहे, पण घाई लावायला ही गोष्ट त्यांना फार उपयोगी पडते. "तो खांब पडायच्या आत जाऊन यायला पाहिजे, बरं का," असं ते मला सात वर्षं सांगतायत. खांब उभा आहे.

एकदाच त्यांनी सगळ्यांचं बहुमत मोडून स्वतःची निवड लादली, आणि ती दायमाबादची. प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. १९७४ साली तिथं एका माणसाला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला रथ, रथात उभा माणूस. सगळ्यांचं मिळून साठ किलोवर वजन. सिंधू संस्कृतीचा हात इथपर्यंत पोचला होता, याचा तो पुरावा. तात्यांनी गाडीत दीड तास हे सांगितलं. मेहुण्यांना वाटलं, निदान एक इमारत असेल, तिकीट असेल, बाहेर चहा असेल. प्रत्यक्षात होतं एक टेकाड. मातीचं. वस्तू केव्हाच संग्रहालयात गेलेल्या. टेकाडावर एक खरी म्हैस चरत होती. मेहुणे बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "चारातली एक तरी दिसली." त्या दिवसापासून घरात कुणी फुकटचा हेलपाटा घातला की त्याला 'दायमाबाद झालं' म्हणतात. काकू बँकेत जाऊन मशीन बंद म्हणून परत आल्या तरी दायमाबादच होतं.

आता निवड आणि निघणं यांतलं तात्यांचं शास्त्र सांगतो, कारण ते त्यांचं एकट्याचं आहे. वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आहे. वर लिहिलंय 'निघण्याची वेळ व पल्ला'. सकाळी साडेपाच: कळसूबाई. सात: पेमगिरीचा किल्ला आणि तिथला एकरांवर पसरलेला वड. आठ: खर्डा. नऊ: नेवासे. दहा: डोंगरगण, म्हणजे आपली हॅप्पी व्हॅली. अकरानंतर: चांदबिबी. हा तक्ता त्यांनी कल्पनेनं केलेला नाही. वीस वर्षांच्या अनुभवानं केलाय. आपल्याकडं सहलीचं ठिकाण घरातली माणसं ठरवत नाहीत, घरातलं न्हाणीघर ठरवतं.

यंदाच्या ऑगस्टचंच बघा. पंधरा तारीख शुक्रवार, सोळाला दहीहंडी, सतरा रविवार. तात्यांच्या दृष्टीनं असा योग म्हणजे पुष्यनक्षत्र. बुधवारी त्यांच्या ओट्यावर बैठक बसली. शुक्रवार झेंडावंदनात गेला. शनिवारी नातू गोविंदात तिसऱ्या थरावर होता आणि संध्याकाळी कोपराला हळद लावून बसला. राहिला रविवार. गाडी माझी होती. मला साडेपाचची वेळ दिली होती आणि मी, मूर्ख, साडेपाचला गाडी पुसून उभा होतो.

तात्या तयार होते. कानटोपी, काठी, वही. आतून काकूंचा आवाज: "अहो, दशम्या व्हायच्यात अजून." सात वाजले. तात्यांनी मला हळूच सांगितलं, "कळसूबाई गेली. तिथं नाहीतरी आज शिड्यांना रांग असणार." आठला सूनबाई म्हणाल्या, "बाबा, दहा मिनिटं, केस वाळायचेत." पेमगिरीही गेली. "खर्डा बघून घेऊ, काय हरकत आहे," तात्या म्हणाले. "१७९५ साली मराठ्यांनी निजामाला तिथं लोळवलं." नऊला मेहुणे केडगावहून निघालेत असा फोन आला. मेहुणे 'निघालोय' म्हणतात तेव्हा ते दाढी करत असतात. खर्ड्यावर निजाम वाचला. साडेनऊला नातवाचा एक बूट सापडेना. तात्या ओट्यावर बसून एकेका ठिकाणावर काट मारत होते, शांतपणे, खात्यातला माणूस धरणाची पातळी लिहितो तसे. नेवासे गेलं. डोंगरगण गेलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळे गाडीत बसले आणि मी विचारलं, "कुठं घेऊ?"

"सलाबतखानाच्या कबरीकडं."

"कुठं?" मेहुणे मागून.

"चांदबिबी हो," काकू म्हणाल्या. "त्यांना चांदबिबी म्हणवत नाही."

इथं तात्यांचं दुखणं आहे. पाथर्डी रस्त्याला, गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर, शाह डोंगरावर जी अष्टकोनी तीनमजली इमारत दिसते, तिला सगळं नगर चांदबिबीचा महाल म्हणतं. ती महाल नाही, आणि चांदबिबीची तर मुळीच नाही. मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान, दुसरा, त्याची ती कबर. चांदबिबी मोगलांशी लढली ती १५९५-९६ साली, खाली किल्ल्यात. तात्या हे एकदा एका रिक्षावाल्याला समजावत होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुसरा सलाबतखान? मग पहिला कुठंय? आधी त्याच्याकडं जायचं का?"

वर पोचलो तेव्हा धुकं होतं. वारा असा की मेहुण्यांची टोपी दोनदा पळाली. पवनचक्क्या अर्ध्या दिसत होत्या, अर्ध्या ढगात. आत शिरलं की एकदम थंड, दगडाचा ओला वास, आणि भिंतीवर गावातल्या चार पिढ्यांच्या प्रेमाची नोंद: बदाम, बाण, आद्याक्षरं. तात्या ती वाचत नाहीत असं दाखवतात, पण वाचतात. नातवानं विचारलं, "चांदबिबी इथं कुठं झोपायची?" तात्यांनी डोळे मिटून घेतले. मग त्याचा हात धरून खाली नेलं, कबर दाखवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोरगं ऐकत होतं. शेवटी म्हणालं, "मग मंत्री असून एवढी उंच? राजाची कुठंय?" तात्या एकदम खुलले. "बागरौजा! चल, पुढच्या वेळी." तिथल्या तिथं वही निघाली.

कमानीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झाली. सगळे खाण्यात असताना तात्या नेहमीप्रमाणं उठले आणि इमारतीला बाहेरून एक फेरी मारून आले. काठीनं कोन मोजतात. "आठ," म्हणाले, जणू मागच्या खेपेपासून एखादा कमी झाला असता. मेहुण्यांनी, इतका वेळ दिलाच आहे तर आगडगावला जाऊ, असा ठराव मांडला. रविवारी तिथं काळभैरवनाथाच्या देवळात आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. दशम्या पोटात असूनही या ठरावाला कुणी नको म्हणालं नाही. आमटी तिखटजाळ होती, भाकरी बाजरीची, आणि मेहुण्यांनी त्या दिवशी सहलीबद्दल पहिल्यांदा बरे उद्गार काढले.

परत येताना वही माझ्या मांडीशेजारी सीटवर पडली होती. भिंगारच्या सिग्नलला मी ती उघडली. चांदबिबीच्या पानावर 'कोण नको म्हणालं' हा रकाना कोरा आहे. वीस वर्षांत एकही नाव नाही. मग उत्सुकतेनं कळसूबाईचं पान काढलं. शाई फिकी पडलेली, वर तारीख १९९८ मधली. वही आत्ताची, म्हणजे जुन्या वहीतलं पान फाडून चिकटवलेलं. तिथं तात्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सौ. तयार. डबाही झाला. मी नको म्हणालो. आभाळ होतं.'

मी वही मिटली. मागं तात्या झोपले होते, काकूंच्या खांद्यावर डोकं टाकून. तोंड उघडं.

कळसूबाईला आभाळ नसतं असा पावसाळा नाही, हे पाटबंधाऱ्यात जन्म काढलेल्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण मी त्यांना विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. आता काकूंचे गुडघे गेले आहेत.

पुढची चांगली सुट्टी २६ जानेवारी २०२६. सोमवार आहे, तीन दिवस सलग. तात्यांनी निघोज लिहिलंय, पारनेर तालुक्यात. कुकडीचं पाणी तोवर ओसरलेलं असतं आणि पात्रातले रांजणखळगे नीट बघता येतात. गाडी माझीच आहे आणि मागं एक जागा रिकामी आहे. कुणाला यायचं असेल तर तात्यांना आधी कळवा, ते नाव लिहून घेतील. वेळ साडेपाचची आहे. दहाला आलात तरी चालेल, पण मग चांदबिबी.