कपाळाला काय लागलंय?

वसईत चर्च शोधावं लागत नाही, तेच आपल्याला शोधून काढतं. पहाटे घंटा होते, सणाला बँड वाजतो, मिरवणूक निघते. नंदाखालला जा नाहीतर सांडोरला, रस्त्याच्या वळणावर एखादा क्रूस उभा असतोच. दुबईत या सगळ्याला आवाराची भिंत आहे. ऊद मेथा मेट्रो स्टेशनजवळचं सेंट मेरीज 1967 पासूनचं. मिस्सेच्या उपासनेला उभं राहायला जागा मिळत नाही, पण मिरवणूक फाटकाबाहेर पडत नाही आणि घंटा शेजाऱ्याला उठवत नाही. भक्ती करा, पोटभर करा, पण आत. इथला हा साधा करार आहे.

इथे आलो तेव्हा मला वाटलं, दिखाव्याची सोयच नाही म्हटल्यावर माणसं आपोआप अंतर्मुख होणार. पण दिखावा हा गल्फमध्ये नोकरी शोधणाऱ्या वसईकरासारखा. एक दार बंद झालं की ओळखीपाळखीनं दुसरं उघडून घेतो. रस्त्यावरची मिरवणूक व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर निघू लागली. ऑक्टोबरात घरोघरी रोझरी असते. पहिल्या घरी प्रार्थनेनंतर चहा-बिस्किटं मिळतात. दुसऱ्या घरच्या मंडळींना ते कमी वाटतं, म्हणून सामोसे येतात. महिनाअखेरीस केटररचा माणूस पांढरी टोपी घालून दाराशी उभा असतो आणि बिर्याणीचं झाकण उघडलं की जपमाळेचे मणी भराभर सरकू लागतात.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं तर विचारूच नका. शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासळी चालते. हा नियम किनाऱ्यावरच्या माणसाला फारच मानवतो. शुक्रवार आला की आमची मंडळी देराच्या वॉटरफ्रंट मार्केटात हामूर आणि सुरमईपुढे त्यागाच्या मुद्रेनं उभी राहतात. मटणापेक्षा महाग पडतं, पण देवासाठी माणूस एवढं तरी सोसणारच. एका मित्रानं चाळीस दिवस इन्स्टाग्राम सोडल्याचं इन्स्टाग्रामवर जाहीर केलं आणि किती जणांना ते आवडलं, हे बघायला तो रोज तिथे जात होता.

पण खरी पंचाईत हा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारची. त्या दिवशी मिस्सेत मत्तयच्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात. लोकांनी बघावं म्हणून धर्म करू नका, उपवास करताना तोंड पाडून फिरू नका, उलट तोंड धुवा, असा त्याचा आशय. तो ऐकून होतो न होतो तोच फादर तुमच्या कपाळावर राखेचा ठसठशीत क्रूस काढतात आणि तुम्ही मेट्रोत बसता. पुसावा तर परंपरा मोडते, ठेवावा तर शुभवर्तमान मोडतं. इतक्या शतकांत यावर तोडगा निघालेला नाही. मी आपला केस कपाळावर ओढून घेतो. तेवढे केस ज्यांना उरले नाहीत, त्यांनी काय करावं हे मला माहीत नाही.

2025 साली हा बुधवार 5 मार्चला आला. रमजानचा तो पाचवा दिवस. ऑफिसात शिरताच मल्याळी ऑफिसबॉयनं टिश्यू पुढे केला. पाकिस्तानी ड्रायव्हर म्हणाला, "भाईसाब, माथे पे कुछ लगा है." मग मला उपवासाबद्दल सांगावंच लागलं. इजिप्शियन अकाउंटंटनं कौतुकानं विचारलं, "म्हणजे आज तुम्हीही?" त्याच्या पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता. माझ्या हातात चहा होता. मी त्याला आमचा नियम समजावला: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा किरकोळ खाणं. तो अतिशय सभ्य माणूस. चेहऱ्यावरची रेषही न हलवता "तकब्बल अल्लाह" म्हणाला, म्हणजे देव हे स्वीकारो. रमजानात कामाचे दोन तास कमी होतात, तेही इथल्या कायद्यानं मला मिळतात. उपास त्याचा आणि दुपारी लवकर घरी मीही.

खरं तर असं शेजारी राहायचं कसं, हे आम्हाला इथेच सांगून झालं होतं. 5 फेब्रुवारी 2019 ला अबुधाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत पोप फ्रान्सिस यांनी मिस्सा केली. लाखाहून अधिक लोक जमले होते. 1219 मध्ये असिसीचे संत फ्रान्सिस इजिप्तच्या सुलतानाला भेटले, त्याला त्या वर्षी आठशे वर्षं होत होती. पोपमहाशयांनी त्या संतानं आपल्या बांधवांना दिलेली शिकवण सांगितली: परधर्मीयांशी वाद घालू नका, नम्र राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं कबूल करा. नम्रतेवरचं ते प्रवचन माझ्या पुढच्या रांगेतल्या कुटुंबानं अख्खं सेल्फी स्टिकवरून ऐकलं.

तरी दिखावा न करणारी माणसंही असतात, पण ती सापडत नाहीत. आमच्या गावाकडच्या एका मुलाची इथली नोकरी गेली. व्हिसा संपत आलेला, खोलीचं भाडं थकलेलं. कोणीतरी त्याचं भाडं भरलं, घरी जायचं तिकीट काढलं आणि नाव कळू दिलं नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, अगदी तसं. पण आमचा व्हॉट्सॲप ग्रुप डाव्या हातांचाच. महिनाभर तिथे दुसरा विषय नव्हता. कोण असेल? तिघांनी "मी नाही हो" असं इतक्या विनयानं लिहिलं की तिघांनाही आभाराचे फोन गेले. चौथ्यानं, कोणी विचारलेलं नसताना, या विषयावर आपल्याला काही बोलायचं नाही असं कळवलं.

शेवटी बायकोनं मला विचारलं, "तुम्ही तर नाही ना?" आणि उत्तराची वाट न बघता बँकेचं ॲप उघडलं.