राक्षस हसतो, पण बोध कुठाय?

हलक्याफुलक्या अद्भुत कादंबरीवर अभिप्राय मागा, वाचकाचा लगेच परीक्षक होतो. निवृत्त गुरुजींना उडत्या खाटेतून बोध मिळत नाही. कृषी केंद्रवाल्यांना राक्षसाच्या बांधीतला धानाचा एकरी उतारा पटत नाही. तिसरे म्हणतात, ‘बरी आहे, पण पोरासोरांसाठी.’ पुस्तक मात्र दोन महिने त्यांच्याच उशाखाली!

खरं तर १८६१च्या ‘मुक्तामाले’पासून मराठी कादंबरीचं बाळपणच अद्भुतात गेलं. आणि भंडाऱ्याला त्याचं वावडं असावं? दिवाळी सरली, धान निघालं, की साकोली-लाखांदूरकडे मंडईची जत्रा भरते, दंडारीचं लोकनाट्य रंगतं, दिवसा शंकरपटाची बैलशर्यत आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. थंडीत चादर पांघरून पहाटेपर्यंत बसलेले हेच परीक्षक, खलनायक खून अर्धवट सोडून लावणीवर नाचला तरी शिट्ट्या मारतात. तिथं कुणी तर्क विचारत नाही. बोध तर नाहीच नाही.

तिकीट काढून पाहिलं की अतर्क्य ते मनोरंजन. वाचनालयातून आणलं की तेच ‘साहित्याचं अधःपतन’. अशा लेखकानं पुढच्या कादंबरीचं प्रकाशन नाटकाच्या मंडपातच करावं, रात्री दहानंतर, तिकीट लावून.