लंडन, पण ते नव्हे

लंडन, ओंटारिओ, कॅनडा
जानेवारीचा तिसरा आठवडा

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही या वयात सर्च करायला शिकलात याचा आनंद आहेच. पण मंगळवारी पहाटे तीनला फोन वाजला तेव्हा तो आनंद पांघरुणातून बाहेर आला नाही. "उठलीस का गं? आठ वाजले ना तिकडे?" आठ वाजले होते, इंग्लंडातल्या लंडनला. आमचं लंडन हिवाळ्यात तुमच्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तुमचे जावई ताडकन उठून "बाबा बरे आहेत ना?" विचारतायत, आणि तुमचा प्रश्न काय, तर नऊ डिग्री असताना पोरीला एवढा जाड कोट कशाला! इथं उणे सोळा होतं, बाबा. हूरॉन सरोवरावरून आलेलं बर्फ दाराशी गुडघाभर साचलं होतं.

यात निम्मा दोष सिमकोसाहेबाचा. हा लेफ्टनंट गव्हर्नर १७९३ साली इथं आला, नदीकाठची ही जागा त्याला राजधानीसाठी पसंत पडली. राजधानी काही झाली नाही, वस्ती व्हायलाही १८२६ उजाडलं, पण नावं चिकटली ती चिकटलीच. नदी थेम्स, मंडई कोव्हेंट गार्डन, रस्ते ऑक्सफर्ड आणि पिकॅडिली, शिवाय एक हाइड पार्क. म्हणून इथं शब्द वाढवून भागत नाही. 'लंडन थेम्स ऑक्सफर्ड स्ट्रीट' लिहाल, तर सर्च आणखीच ठामपणे इंग्लंडला जाऊन बसेल.

आदित्यने तुमच्या मोबाइलचा स्क्रीनशॉट पाठवला. तुम्ही लिहिलं होतंत, "महोदय, माझी मुलगी लंडन येथे वास्तव्यास असून तेथील आजचे तापमान कळावे, ही विनंती." खाली सहीसुद्धा! त्याला महोदयही नको नि विनंतीही नको. 'हवामान लंडन ओंटारिओ', संपलं. तुम्ही भूमी अभिलेखात उभी हयात घालवलीत. गाव, तालुका, गट नंबर लिहिल्याशिवाय कुणाला उतारा दिला नाहीत. पेठ, मावळ, शेरी, बुद्रुक अशी ढीगभर वडगावं आपल्याकडे असताना 'वडगाव' एवढाच अर्ज आला असता, तर तुम्ही तो परत केला असतात. सर्च अर्ज परत करत नाही. जास्त लोकांना जे हवं असतं ते तुमच्या हातात ठेवतो. शिवाय तो तुम्ही कुठे बसलात तेही बघतो. मी इथून 'लंडन हवामान' विचारलं की आमचं येतं, तुम्ही वडगावातून तेच विचारलंत की राजेसाहेबांचं.

परवा ग्रुपवर तुम्ही बातमी टाकलीत, "उद्या मेट्रोचा संप, जावयांना लवकर निघायला सांगणे." इथं मेट्रोच नाही, बाबा, नुसत्या बस आहेत. हे मात्र उद्या जावईच ऑफिसात उशिराचं कारण म्हणून सांगतील, म्हणून त्यांना दाखवलं नाही. तर यावर उपाय वजाबाकी. 'लंडन' लिहा, जागा सोडा, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'इंग्लंड'. वजा आणि शब्द यांच्यात जागा राहिली की खेळ बिघडतो. अशाने सगळी गर्दी हटत नाही, पण बरीच हटते. त्याहून चांगलं म्हणजे इंग्रजीत 'साइट' लिहायचं, पुढे अपूर्णविरामाची दोन टिंबं, आणि लगेच 'सीए'. म्हणजे फक्त कॅनडाचे पत्ते असलेल्या साइट येतात. आमच्या महापालिकेची त्यातलीच, कचऱ्याचे वार तिच्यावरच असतात.

अवतरणचिन्हं कधी वापरायची, याला तुमच्याच कामाचं उदाहरण देते. तुम्ही रोज टोचून घेता त्या इन्शुलिनची कल्पना याच गावात सुचली. ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे दोनच्या सुमाराला डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांनी ती वहीत टिपून ठेवली. (या गावात त्या वेळेला जागं राहून कुणी काही कामाचं केलं असेल, तर ते त्यांनीच.) पुढचं काम टोरांटोत झालं, १९२३ मध्ये नोबेलही मिळालं, आणि इथल्या त्यांच्या घराचं आता संग्रहालय आहे. तुम्ही 'लंडन इन्शुलिन डॉक्टर' असं शोधलंत आणि भलत्याच दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटच्या वेळा वाचत बसलात. त्याऐवजी 'बँटिंग हाऊस' हे दोन शब्द इंग्रजीत, दुहेरी अवतरणात घाला. मग ते शब्द त्याच क्रमाने, शेजारी शेजारी असलेलीच पानं येतात. शंभर वर्षांपूर्वीचा त्यांचा पलंगही बघायला मिळेल.

आईला सांगा, डिंकाचे लाडू पोचले. चि. ईराने चार संपवले, पाचवा कोटाच्या खिशात सापडला.

तुमची,
मनू

ता. क. – मामांना मुंबई–लंडन थेट विमानाचं फार स्वस्त तिकीट मिळतंय, असं आई म्हणाली. त्यांना आधी थांबवा. टोरांटोचं तिकीट बघायला सांगा, तिथून आम्ही दोन तासांत गाडीने घेऊन येऊ. हीथ्रोला उतरले, तर पुढचा महासागर मामींना समजावून सांगायला मी तिथं नसेन.