उडवाभाऊ

लॅपटॉपचा सी ड्राइव्ह लाल झाला की भंडारा जिल्ह्यातला माणूस दुकानात जात नाही, भाऊंना फोन लावतो. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ड्राइव्हची पट्टी लाल होते, ही मायक्रोसॉफ्टची सोय. ती पाहून घरात जी धांदल उडते ती मात्र आपली स्वतःची.

भाऊ म्हणजे नात्यातले नव्हेत. दिवसा ते राइस मिलमध्ये हिशेब लिहितात, नाहीतर पतसंस्थेत एन्ट्र्या मारतात, नाहीतर सेवा केंद्रात उत्पन्नाचे दाखले काढून देतात. कधीकाळी त्यांनी एमएस-सीआयटी केलेली असते आणि शिकवणाऱ्या सरांचाच कॉम्प्युटर त्यांनी सुरू करून दिला होता, अशी कथा गावात असते. कथा भाऊंनीच पसरवलेली असते. तुमसरात असा एक भाऊ सापडतो, साकोलीत एक सापडतो, आणि लाखनीसारख्या ठिकाणी दोन असले तर त्यांचं एकमेकांशी पटत नाही. दुसऱ्याने साफ केलेल्या लॅपटॉपकडे पाहून पहिला नुसतं ‘हं’ म्हणतो. त्या एका ‘हं’मध्ये निम्मं निदान झालेलं असतं.

यांना सगळे उडवाभाऊ म्हणतात, पण पाठीमागे. कारण त्यांना लॅपटॉपात काही घालण्यात रस नसतो. कंपनीने न विचारता आत बसवून दिलेलं जे काही असेल ते उडवणं, यातच त्यांना जगण्याचा आनंद मिळतो.

भाऊ येतात ते पाठीला सॅक लावून. तिच्यात पेन ड्राइव्ह, पेचकस, एक रंगाचा ब्रश आणि कुठल्याही लॅपटॉपला न बसणारा एक चार्जर असतो. ‘पाणी घ्या जी’ म्हटलं तर ‘आधी उघडू द्या’ म्हणतात. लॅपटॉप उघडेपर्यंत घरातले सगळे भोवती जमतात, आणि काकाजींची पहिली तक्रार ठरलेली असते.

‘भाऊ, पाचशे बारा जीबीचा म्हणून घेतला. हा चारशे श्याहत्तर दाखवते. छत्तीस जीबी दुकानदारानं मारले.’

धानाच्या काट्यापुढे उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हा संशय शोभून दिसतो. भाऊ समजावतात, की डिस्क बनवणारी कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १,०२४ ने. माल तेवढाच आहे, आकडा तेवढा कमी दिसतो. काकाजी शांतपणे ऐकून घेतात.

‘म्हणजे दोन जागचे दोन काटे. तेच तर म्हणून राहिलो मी.’

यावर भाऊ बोलत नाहीत. विंडोजची कळ आणि आर दाबतात आणि ‘अ‍ॅपविझ डॉट सीपीएल’ असं टाइप करतात. सेटिंगमधून सरळ ‘अ‍ॅप्स’वर गेलं तरी काढण्याचं काम होतं, उलट तिथे यादी जास्त पूर्ण मिळते, आणि शेवटी भाऊही तिथेच जातात. पण सुरुवात अ‍ॅपविझने केली की पाहणाऱ्यांवर छाप पडते. इथे काकू पदराला हात पुसत पुढे सरकतात.

यादी उघडते. तीस दिवसांनी पैसे मागू लागणारं अँटिव्हायरस. कंपनीचा स्वतःचा मदतनीस, जो रोज सकाळी ‘मी मदत करू का’ विचारतो आणि मदत मागितली की इंटरनेटवर पाठवून देतो. गोळ्या फोडायचा खेळ. पत्त्यांचा खेळ. खरेदीच्या दुकानांची चिन्हं. काही लॅपटॉपांत तर एकच ऑफिस तीन-चार भाषांत बसलेलं असतं, त्यात फ्रेंच असते, स्पॅनिश असते. मोहाडी तालुक्यात फ्रेंचमधून अर्ज लिहिणारा कोणी असेल, असा कंपनीचा विश्वास दिसतो.

‘हे उडवू?’

‘ते कायचं आहे?’

‘काहीच कामाचं नाही जी.’

‘मंग असू द्या नं. एका कोपऱ्यात पडून आहे. का खाते ते?’

भाऊंच्या धंद्यातली खरी अडचण तांत्रिक नाही, ती ही आहे. मालकाला जागा हवी असते, पण काही जायला नको असतं. त्याच्या हिशेबात लॅपटॉपचे पैसे मोजले म्हणजे त्या फ्रेंच ऑफिसचेही मोजलेच. आणि पैसे मोजलेली वस्तू कशी काढायची? शिवाय ‘गॅरंटी तर जाणार नाही नं?’ आणि ‘कंपनीले समजलं तर?’ हे दोन प्रश्न असतातच. असा एखादा प्रोग्राम काढल्याने लॅपटॉपची गॅरंटी जात नाही, हे भाऊंनी घरोघर सांगून झालंय.

काकूंचा मुद्दा सगळ्यात अवघड. त्या माळ्याकडे बोट दाखवतात. ‘माझ्या लग्नातला पितळेचा गुंड आहे तिथं. कोण भरते त्यात पाणी? म्हणून का मोडीत देल्ला मी?’ पितळी भांड्यांसाठी नाव कमावलेल्या भंडाऱ्यात या बोलण्यावर उत्तर नसतं. भाऊ खाली पाहतात आणि अँटिव्हायरसवर क्लिक करतात.

अँटिव्हायरस सहज जात नाही. आधी ते विचारतं, खरंच? मग सांगतं, तुम्ही आता उघड्यावर पडाल. मग स्वस्तात वर्ष देऊ करतं. शेवटी का चाललात, याचं कारण लिहून मागतं. काकाजी घाबरून म्हणतात, ‘राहू द्या भाऊ, इतकं म्हणून राहिलं तं.’ भाऊ कठोर राहतात. हे गेलं की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप त्याच्या जागेवर येतो, आणि तो पैसे मागत नाही.

मग हिरवी पट्टी सरकू लागते, आणि ती सरकेपर्यंत भाऊ बोलतात. मला विचाराल तर याच वेळेसाठी ते हे काम करत असावेत. फुकटात एवढे श्रोते मिळतात कुठे? विषय एकच: ही पाहुणेमंडळी लॅपटॉपात आली कशी. लॅपटॉपच्या धंद्यात नफा बारीक, म्हणून लॅपटॉप बनवणारा आपल्या घरातली जागा तिसऱ्याला विकतो आणि हे सामान बसवायचे पैसे त्याच्याकडून घेतो. ‘घर आपलं, भाडं त्यांचं,’ भाऊ म्हणतात. मग आवाज खाली करून सुपरफिशची गोष्ट सांगतात. २०१४च्या उत्तरार्धात लेनोवोच्या काही लॅपटॉपांत या नावाचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच बसून आलं होतं. ते आपण पाहत असलेल्या पानांत स्वतःच्या जाहिराती घुसडायचं, आणि त्यासाठी कुलपाची खूण असलेल्या सुरक्षित पानांतही मधे हात घालायचं. फेब्रुवारी २०१५मध्ये बोंब झाली, कंपनीने ते काढण्याचं साधन दिलं, आणि २०१७मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली. ‘कुलपाच्या आत!’ काकू म्हणतात. त्या आता भाऊंच्या बाजूने झालेल्या असतात. गुंडाने असं काही केलेलं नसतं.

पट्टी अजून सरकत असली तर २०२२ येतं. त्या वर्षी ऑक्टोबरात भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांना अ‍ॅपांचा सगळा गठ्ठा एकत्रच घ्यावा लागतो, हा त्यातला एक आक्षेप होता. आकड्यातले शेवटचे ७६ लाखही भाऊ सोडत नाहीत. मग २०२५ : नोव्हेंबरच्या अखेरीस दूरसंचार खात्याने नव्या फोनांत ‘संचार साथी’ आधीच बसवून द्या असा आदेश काढला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मागेही घेतला. ‘सरकारनंच उडवलं,’ भाऊ अशा समाधानाने सांगतात, की जणू दिल्लीला तेच सॅक घेऊन गेले होते. शेवटी युरोप. तिथे कायदा आला म्हणून २०२४पासून तिथल्या विंडोजमधून एज ब्राउझर सरळ काढता येतो. ‘अन् आपण वैनगंगेच्या काठी बसून काढतो म्हटलं तं बटण राखाडी.’ हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला असतो.

इथे नवशिक्या उडवाभाऊंचीही दखल घ्यायला हवी. मुरलेल्या भाऊंना काय उडवायचं ते कळतं. नवशिक्याला फक्त उडवायचं कळतं. यादीत त्याला ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ नावाच्या नोंदी दिसतात, २००८, २०१०, २०१३ अशा सालवार. एकच वस्तू इतक्यांदा कशाला, म्हणून तो जुन्या सगळ्या काढतो, आणि दुसऱ्या दिवशी मिलचं बिलिंग उघडत नाही. कारण वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना त्यातलं आपापलं साल लागतं. ‘रिअलटेक’ हे नाव त्याला कुठल्यातरी जाहिरातीचं वाटतं. ते काढलं की ऐन गणपतीत लॅपटॉपचा आवाज बसतो. रिकव्हरीचा भाग नुसता पडून आहे म्हणून तो पुसणारेही निघतात. अशा नवशिक्याने हात लावलेलं यंत्र आलं, की मुरलेले भाऊ चहा मागवतात. ‘हं’ने भागणारं प्रकरण नसतं ते.

असो. तासा-दीड तासाने सगळं निघतं. भाऊ टेम्प फोल्डर रिकामं करतात, डिस्क क्लीनअप चालवतात, मागच्या मोठ्या अपडेटचं ‘विंडोज डॉट ओल्ड’ उरलं असेल तर तेही काढतात. सात-आठ जीबी सुटतात. पट्टी लालच्या उंबरठ्यावरून जेमतेम निळ्यात येते. भाऊंना कळतं की हिशेब जुळत नाही. पाचशे जीबी काही गोळ्या फोडायच्या खेळाने खाल्लेले नाहीत.

मग ते डाउनलोड्स उघडतात, आणि मांडी बदलून बसतात.

सातबारा. सातबारा कंसात एक. सातबारा कंसात दोन. कंसात चौदापर्यंत. पण ही तर किरकोळ भरती. त्याखाली फोनमधून ओतलेली सुप्रभातं, फुलं, देव, दिवे, वर्षावर्षांचे. त्याखाली शंकरपटाच्या रात्री झालेलं झाडीपट्टीचं नाटक, तिन्ही अंक, मागच्या रांगेतून काढलेलं, पडद्यापेक्षा पुढच्याचं मुंडासं जास्त दिसणारं. आणि तळाशी थोरल्याचं लग्न: हळद, मांडव, वरात, ड्रोनने वरून, ड्रोनने बाजूने, शूटिंगवाल्याने न कापता जसंच्या तसं दिलेलं. दोनशे साठ जीबी.

‘काकाजी, हे...’

घर एकदम गप्प होतं. काकाजी खिडकीबाहेर पाहतात. थोरल्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. काकू इतकंच विचारतात, ‘हे कंपनीनं देल्लं का?’

‘नाही जी.’

‘मंग?’

भाऊ फोल्डर बंद करतात. ‘बाहेरची हार्ड डिस्क घ्या एक,’ असं पुटपुटतात, पण कोणी ऐकत नाही, कारण पोहे आलेले असतात, वरून तर्री, बाजूला कांदा. पैशांचं विचारलं तर भाऊ हात जोडतात. निघताना सॅकमध्ये पायलीभर नवा तांदूळ जातो, तो त्यांना परत काढता येत नाही.

आठवड्याने पुतण्याचं लग्नाआधीचं शूटिंग येतं. कोका अभयारण्याच्या वाटेवर दोघं हातात हात घालून धावताहेत, तेही संथ गतीत, म्हणजे फाइल आणखी मोठी. पट्टी पुन्हा लाल. भाऊंना फोन जातो.

‘भाऊ, त्या दिवशीचं पुरं नाही निघालं वाटते. कंपनीचं काहीतरी आत राहूनच गेलं.’

भाऊंना ठाऊक असतं आत काय आहे. पण ते सांगायचं कोणाला, काकूंना? ते सॅक उचलून येतात, पाणी नाकारतात, यादी उघडतात आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा शोधू लागतात. उडवण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. सगळं घर मागे उभं. बऱ्याच वेळाने त्यांचं बोट एका नोंदीवर थांबतं.

‘काकाजी, हे कॅल्क्युलेटर लागते का जी?’